स्वतः एक ओळ न लिहिणारा पटकथालेखक

सॅमी ग्लिकला पटकथा लिहिता येत नाही. तरी तो हॉलिवूडमध्ये लेखक म्हणून दाखल होतो, लेखक म्हणून नाव कमावतो, पुढे निर्माता होतो आणि शेवटी अख्खा स्टुडिओ खिशात घालतो. या सगळ्या प्रवासात त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं पटकथेचं एक पान शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. बड शुलबर्गच्या ‘व्हॉट मेक्स सॅमी रन?’ या १९४१ सालच्या कादंबरीतला मूळ विनोद हा. बाकी सगळा उपहास या एका खुंटीला टांगलेला आहे.

सिनेमावाल्यांची टिंगल करणाऱ्या कादंबऱ्या त्याआधीही होत्या आणि नंतर तर ढिगाने आल्या. बहुतेकींचा साचा ठरलेला. बाहेरगावचा लेखक पैशासाठी हॉलिवूडला जातो, वर्ष-दोन वर्षं गलेलठ्ठ पगार घेतो, त्याच्या पटकथेची चिरफाड होते, मग तो घरी येऊन कादंबरी लिहून सूड उगवतो. अशा पुस्तकांत निर्माते सिगार ओढतात, नट्या मूर्ख असतात आणि लेखक तेवढा शहाणा असतो. मजा येते, पण स्टुडिओचं यंत्र चालतं कसं हे शेवटपर्यंत कळत नाही. शुलबर्गने नेमकं ते यंत्र उघडून दाखवलं. त्यापायी १९४१मध्ये त्याच्यावर तीन वेगवेगळ्या गोटांतून दगड आले, आणि चाळीसेक वर्षांनी चौथ्याच लोकांनी त्याच पुस्तकाला डोक्यावर घेतलं, तेही भलत्याच कारणासाठी. हे दगड आणि ही फुलं, दोन्ही एकाच गुणातून आली असं माझं मत आहे. तो गुण म्हणजे तपशिलाचा काटेकोरपणा.

आधी सॅमीची पद्धत पाहू. गोष्ट सांगतो अ‍ॅल मॅनहाइम, ‘न्यूयॉर्क रेकॉर्ड’ नावाच्या काल्पनिक दैनिकाचा नाट्यस्तंभलेखक. सॅमी त्याच्या कचेरीतला हरकाम्या पोऱ्या, कागद इकडून तिकडे पळवणारा. पहिली चढाई इथेच होते. अ‍ॅलच्या स्तंभाच्या जागेवर डोळा ठेवून, वरच्या संपादकाला परस्पर पटवून, तो स्वतःसाठी रेडिओवरचा छोटा स्तंभ मिळवतो. अ‍ॅलला पत्ता लागतो तो छापून आल्यावर. इथे शुलबर्गची निवड मार्मिक आहे. रेडिओ हा तेव्हा नाट्यसमीक्षकांच्या लेखी खालच्या पायरीचा विषय. त्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही. सॅमी आधी अशी जागा हेरतो जिथे कुणी उभं नाही, आणि तिथून शेजाऱ्याच्या हद्दीत सरकतो. संबंध कादंबरीभर त्याचा हाच डाव चालतो.

दुसरी पायरी म्हणजे ज्युलियन ब्लूमबर्ग. हा लाजाळू, होतकरू लेखक आपलं हस्तलिखित घेऊन सॅमीकडे सल्ला मागायला येतो. सॅमी ते वाचतो, त्यात सिनेमा आहे हे ओळखतो, आणि न्यूयॉर्कहून हॉलिवूडच्या एका बड्या एजंटला ट्रंककॉल लावून ‘गर्ल स्टील्स बॉय’ या नावाने आपली कथा म्हणून विकून टाकतो. लक्षात घ्या, चोरी हस्तलिखिताची असली तरी कामाला येतो तो फोन. आपल्याकडे माल आहे असं लांबून, घाईत, दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याच्या थाटात सांगणं, ही सॅमीची खरी कला. पुढे त्याच ज्युलियनला तो पगारावर ठेवतो. ज्युलियन पडद्याआड लिहितो, नाव सॅमीचं लागतं.

तिसरी पायरी सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात खरी. हॉलिवूडमध्ये सॅमी गोष्टी लिहीत नाही, सांगतो. जेवणाच्या टेबलावर, पार्टीत, निर्मात्याच्या खोलीत. सॉमरसेट मॉमच्या ‘रेन’मधल्या बाई आणि धर्मोपदेशक यांच्या भूमिकांची अदलाबदल करून तो दक्षिण समुद्रातली एक ‘नवी’ कथा जागच्या जागी उभी करतो आणि ऐकणारे माना डोलावतात. हे शुलबर्गने हवेतून काढलेलं नाही. त्या काळच्या स्टुडिओत निर्माते सहसा पुस्तकं वाचत नसत. कादंबऱ्या आणि नाटकं वाचून दोन-चार पानांचा सारांश आणि शेरा लिहिणारे वेगळे पगारी वाचक असत. निर्णय घेणाऱ्यापर्यंत जे पोचायचं ते सारांश किंवा तोंडी कथन. अशा व्यवस्थेत उत्तम लेखकाला काही विशेष फायदा नाही. उत्तम सांगणाऱ्याला आहे. आणि मूळ कृती कुणी वाचलेलीच नसेल तर उसनवारी पकडणार कोण? शुलबर्गने स्वतः निर्माता डेव्हिड ओ. सेल्झनिककडे असा वाचक म्हणून काम केलं होतं. यंत्राला भोक कुठे आहे ते त्याला आतून माहीत होतं.

आता श्रेयाचा मुद्दा, कारण तो कळला नाही तर कादंबरीचा मधला मोठा भाग कंटाळवाणा वाटतो. बरेच वाचक तिथे पानं उलटतात. तीसच्या दशकात पडद्यावर लेखक म्हणून कुणाचं नाव जाणार हे स्टुडिओ ठरवत असे. एका पटकथेवर पाच-सहा जण, कधी एकमेकांना नकळत, काम करत. शेवटी नाव लागायचं निर्मात्याच्या मर्जीतल्याचं. मार्च १९३३मध्ये, बँका बंद पडल्याच्या काळात, स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्म्या पगारकपातीचा घाट घातला आणि त्याच साली लेखकांनी स्क्रीन रायटर्स गिल्ड ही संघटना नव्याने उभी केली. १९३६मध्ये मालकांच्या आशीर्वादाने ‘स्क्रीन प्लेराइट्स’ ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली. जे गिल्ड सोडून तिकडे गेले त्यांना करार मिळाले. जे राहिले त्यांतल्या अनेकांचे फोन वाजायचे थांबले. १९३८मध्ये सरकारी देखरेखीखाली मतदान झालं, त्यात गिल्ड जिंकली, पण स्टुडिओंशी प्रत्यक्ष करार व्हायला आणखी काही वर्षं गेली.

कादंबरीत हा झगडा जवळजवळ जसाच्या तसा आहे. सॅमी आधी गिल्डमध्ये असतो, कारण तिथे ओळखी होतात. वारं फिरलं की क्षणात पलीकडे जातो, आणि त्या उडीची किंमत चोख वसूल करतो. ज्युलियन मात्र, म्हणजे ज्याने आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही तो माणूस, गिल्डचा राजीनामा द्यायला नकार देतो. त्याचं काम बंद होतं. सबंध पुस्तकात सॅमीला पहिल्यांदा कुणी खरोखर अडवतं ते इथे, आणि तेही श्रेय हिरावला गेलेला माणूस. माझ्या मते हा कादंबरीतला सगळ्यात घट्ट विणलेला भाग आहे. आज परिस्थिती अशी की वाद झाला तर गिल्डचेच तीन निनावी लवाद सगळे मसुदे वाचून नाव ठरवतात. नंतर आलेल्या लेखकाला पटकथेचं श्रेय हवं असेल तर दुसऱ्या कृतीवर बेतलेल्या चित्रपटात त्याचा वाटा ३३ टक्क्यांहून जास्त लागतो, आणि स्वतंत्र पटकथा असेल तर निम्मा. टक्केवारीची ही भाषा कोरडी वाटते, पण त्यामागे कितीतरी ज्युलियन उभे आहेत.

सॅमीचं शेवटचं शिखर म्हणजे सिडनी फाइनमन या सुसंस्कृत, थकलेल्या स्टुडिओप्रमुखाला बाजूला सारणं. इथेही खंजीर-बिंजीर काही नाही. वॉल स्ट्रीटवरच्या भांडवलदारांना आकडे दिसतात, फाइनमनचे चित्रपट मागे पडलेले असतात, सॅमी योग्य माणसासमोर योग्य वेळी योग्य खंत व्यक्त करतो. फाइनमन लवकरच मरतो. सॅमी भांडवलदाराच्या मुलीशी, लॉरेट हॅरिंग्टनशी, लग्न करतो आणि लग्नाच्याच रात्री ती त्याला एका नटाबरोबर सापडते. ती रडत नाही, माफी मागत नाही. हा सौदा आहे आणि सौद्याची भाषा तुला कळायला हवी, अशा अर्थाचं ती त्याला सुनावते. म्हणजे सॅमीला त्याचीच जात भेटते. दुसरा कुणी लेखक असता तर त्याने इथे सॅमीला तुरुंगात तरी पाठवलं असतं किंवा दिवाळखोर तरी केलं असतं. शुलबर्ग त्याला गादीवर तसाच ठेवतो. अचानक शिक्षा होणार नाही, तो रोग आतून सावकाश पोखरत राहील, एवढंच अ‍ॅलच्या तोंडून येतं.

एक बारीक तपशील सांगायलाच हवा, बुटांचा. सॅमीच्या पायात नेहमी नवे, महागडे बूट. अ‍ॅलच्या नजरेत ते पहिल्यापासून भरतात, वाचक ती एक लकब समजून सोडून देतो. मग अ‍ॅल न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, रिव्हिंग्टन स्ट्रीटवर जातो, सॅमीच्या आईला आणि भावाला भेटतो, आणि कळतं की हा मुलगा, तेव्हाचा श्मेल्का ग्लिकस्टीन, लहानपणी भावाचे जुने, पायाला न बसणारे बूट घालून वाढला. रस्त्यावर ज्या दांडगट पोराने त्याला बडवलं त्यालाच पुढे सॅमी हॉलिवूडमध्ये नोकर म्हणून पदरी ठेवतो. ‘सॅमी का धावतो?’ या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर कादंबरी इथे देते. गरिबी आणि ढकलाढकली यांच्या शाळेत तो शिकला. उत्तर पटणारं आहे. जरा जास्तच पटणारं आहे, त्याकडे पुढे येतो.

हे सगळं लिहिणारा पोरगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. जन्म १९१४. वडील बी. पी. शुलबर्ग पॅरामाउंटच्या निर्मितीविभागाचे प्रमुख, आई पुढे नावाजलेली एजंट. सिनेमावाल्यांच्या घरात वाढलेला, डार्टमथ कॉलेजातून १९३६मध्ये बाहेर पडलेला हा मुलगा बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखं हॉलिवूड बघतच नव्हता. वडिलांची सत्ता त्याने पाहिली आणि १९३२मध्ये ती गेलेलीही पाहिली. फाइनमनच्या पाठमोऱ्या आकृतीत ते दिसले तर नवल नाही. सॅमी पहिल्यांदा अवतरला तो १९३७मध्ये, ‘लिबर्टी’ साप्ताहिकातल्या एका लघुकथेत. कादंबरी करायची ठरल्यावर शुलबर्ग कॅलिफोर्निया सोडून व्हर्मांटला गेला. पुस्तक रँडम हाउसने काढलं. छापण्याआधी वडिलांनी बजावलं होतं की हे आलं की या गावात तुला काम मिळणार नाही. वडिलांना धंदा माहीत होता.

पहिला दगड स्टुडिओंचा. एमजीएमचे लुई बी. मेयर भडकले आणि या पोराला देशाबाहेर हाकला म्हणाले, त्यावर बी. पी. शुलबर्गनी उत्तर दिलं की हॉलिवूडने जन्माला घातलेला हा एकुलता एक कादंबरीकार, त्याला हाकलणार कुठे, कॅटलिना बेटावर? (कॅटलिना म्हणजे लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यासमोरचं सहलीचं बेट.) हा किस्सा बड शुलबर्ग स्वतः आयुष्यभर रंगवून सांगत असे, तेव्हा त्याला थोडं मीठमसाला लागलेला असणार हे धरून चालावं. निर्माते सॅम्युअल गोल्डविननी पुस्तक दाबायला पैसे देऊ केले अशीही वदंता होती. त्यांचा आक्षेप असा की ज्यू लेखकाने ज्यूंशीच दगा केला.

हा आक्षेप आज वाचताना मोठ्या शेठजींचा कांगावा वाटतो. काही अंशी तो कांगावा होताही. पण साल बघा. युरोपात हिटलर, आणि अमेरिकेत ऑगस्ट १९४१मध्ये सिनेटर जेराल्ड नाय जाहीर सभेत स्टुडिओमालकांची नावं वाचून दाखवत हॉलिवूड देशाला युद्धात ढकलतंय असं सांगतो; सप्टेंबरमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्यावर सुनावणी सुरू होते. नावं कुठली होती आणि ती का वाचली गेली हे ऐकणाऱ्याला कळत होतं. अशा हवेत श्मेल्का ग्लिकस्टीन नावाचा अधाशी, निर्लज्ज नायक विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देईल ही भीती निव्वळ खोटी नव्हती. शुलबर्गचं उत्तर पुस्तकातच आहे. सॅमी ज्यांना लुबाडतो ते ज्युलियन, अ‍ॅल, फाइनमन हेही ज्यूच आहेत. त्याच गल्लीत वाढलेला सॅमीचा भाऊ अगदी वेगळा माणूस निघतो. लेखिका डोरोथी पार्करने बाजू घेताना म्हटलं त्याचा आशय असा, की आम्हाला भाऊ म्हणायचं असेल तर इतरांसारखे आमच्यातही खलनायक असणार हे मान्य करा. वादात यापेक्षा नेटकं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दुसरा दगड आला डावीकडून, आणि तो जास्त चमत्कारिक होता. कादंबरी घडत होती तेव्हा शुलबर्ग कम्युनिस्ट पक्षात होता. पक्षातल्या वरिष्ठ लेखकांचं म्हणणं, कादंबरीचा आराखडा आधी आम्हाला दाखव; नायक असा व्यक्तिवादी कसा, कामगारांचा लढा पुढे का नाही? शुलबर्ग वैतागला. व्हर्मांटला जाण्याचं हेही एक कारण. पुस्तक आल्यावर पक्षाच्या वर्तुळातला समीक्षक चार्ल्स ग्लेन याने एप्रिल १९४१मध्ये पक्षाच्या वृत्तपत्रात त्याची मोकळेपणाने स्तुती केली. दोनेक आठवड्यांत त्याच ग्लेनचं दुसरं परीक्षण छापून आलं. पहिल्या परीक्षणात आपण घोडचूक केली, पुस्तकातले दोष आपल्याला दिसले नाहीत, वगैरे. म्हणजे पुस्तक तेच, समीक्षक तोच, मत उलटं. मधल्या दिवसांत बैठका झाल्या होत्या.

उपहासिकेच्या परीक्षणातच उपहासिकेचा एक उतारा सापडावा, असं हे प्रकरण. पण त्याचा वापर पुढे झाला तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २३ मे १९५१ रोजी शुलबर्गने काँग्रेसच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीपुढे साक्ष दिली, हा सगळा वृत्तान्त पक्षाच्या दडपशाहीचा पुरावा म्हणून मांडला, आणि जुन्या सहकाऱ्यांची नावंही घेतली. त्या नावांमुळे काळ्या यादीला, म्हणजे कम्युनिस्ट ठरवलेल्यांना हॉलिवूडमध्ये काम न देण्याच्या प्रथेला, बळ मिळालं. तेव्हापासून ही कादंबरी वाचताना एक अडचण कायम येते. गिल्डशी इमान राखणाऱ्या ज्युलियनला ज्याने उभं केलं त्याच माणसाने दहा वर्षांनी नावं दिली. काही समीक्षकांनी यावरून पुस्तकच बाद ठरवलं. मला ते पटत नाही. ज्युलियनचा नकार १९४१मध्ये लिहिला गेला आणि तो तसाच शाबूत आहे. पण ग्लेन प्रकरण शुलबर्गच्या तोंडून ऐकताना तो स्वतःच्या बचावासाठी बोलतोय हे विसरू नये. दोन्ही परीक्षणं छापील आहेत, त्यांना नाकारता येत नाही. त्यांचा अर्थ लावणारा आवाज मात्र साक्षीदाराच्या खुर्चीतला आहे.

तिसरा गोट साहित्यातल्या लोकांचा. इथे कौतुक जास्त झालं. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने छपाईपूर्वीच पुस्तक वाचून प्रकाशक बेनेट सर्फला स्तुतीचं पत्र पाठवलं होतं. डिसेंबर १९४०, म्हणजे त्याच्या मृत्यूआधी जेमतेम काही दिवस. तो स्वतः तेव्हा हॉलिवूडवरची शेवटची कादंबरी लिहीत होता आणि तिची निवेदिका, निर्मात्याची कॉलेजात शिकणारी मुलगी, घडवताना शुलबर्गशी झालेल्या गप्पांचा त्याला उपयोग झाला होता. शुलबर्गला तिच्यात स्वतःचं बोलणं ऐकू आलं. पहिलीच कादंबरी, बोली भाषा, वेग, बोचरे संवाद, यांचं कौतुक सगळीकडे झालं.

आक्षेप दोन, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला किट सार्जंटबद्दल. ही पटकथालेखिका अ‍ॅलची मैत्रीण, पुढे बायको. ती इतकी समंजस, इतकी राजकीयदृष्ट्या अचूक आहे की दर वेळी ती बोलू लागली की लेखकच पुढे येऊन भाष्य करतोय असं वाटतं. एका रात्री सॅमीबद्दल तिला ओढ वाटली होती हे ती कबूल करते तेवढ्यापुरती ती जिवंत होते. दुसरा आक्षेप रिव्हिंग्टन स्ट्रीटच्या प्रकरणाबद्दल. शेकडो पानं एक प्रश्न नाचवायचा आणि मग एका भेटीत त्याचा उलगडा करायचा, यात कोडं सुटतं पण माणूस लहान होतो. त्याच गल्लीतून तसेच बूट घालून वाढलेले हजारो जण सॅमी झाले नाहीत, हे शुलबर्गलाही ठाऊक आहे, म्हणून तर त्याने भाऊ ठेवला. मग उत्तर देण्याची एवढी घाई का? मला वाटतं डाव्या विचारांच्या तरुण लेखकाला कारण दिल्याशिवाय खलनायक दाखवण्याचा संकोच वाटला.

त्याच रँडम हाउसने दोन वर्षं आधी, १९३९मध्ये, नॅथनेल वेस्टची ‘द डे ऑफ द लोकस्ट’ काढली होती. ती तेव्हा दीड हजार प्रतींच्या आसपासच अडकली. वेस्टने कारण शोधलंच नाही. त्याने स्टुडिओच्या फाटकाबाहेरची माणसं घेतली: एक्स्ट्रा, पडेल विदूषक, मरायला कॅलिफोर्नियात आलेले मध्यमवर्गीय. आज विद्यापीठांत वेस्टला वरचं पान मिळतं, आणि भाषेच्या ताकदीवर ते योग्यच आहे. पण स्टुडिओच्या आत एखाद्या मंगळवारी सकाळी काय चालायचं, कोण कुणाला का घाबरायचं, कराराची मुदत संपत आली की माणूस कसा हसायचा, हे जाणून घ्यायचं तर शुलबर्गला पर्याय नाही.

परीक्षणांइतकाच जोरात चालला तो ‘हा कोण?’ हा खेळ. सगळ्यात जास्त नाव घेतलं गेलं जेरी वॉल्ड यांचं. न्यूयॉर्कच्या दैनिकात रेडिओवर स्तंभ लिहिणारा, मग हॉलिवूडमध्ये लेखक, मग वॉर्नर ब्रदर्समध्ये वजनदार निर्माता. सुरुवातीच्या दिवसांत ज्युलियस एप्स्टीन हे त्याच्यासाठी पडद्याआडून लिहीत, असंही सर्रास सांगितलं जाई. साम्य उघड आहे. शुलबर्गचं म्हणणं, सॅमी अनेकांचा मिळून बनलाय. अशा खेळाची गंमत अशी की त्यात मूळ तक्रार विरून जाते. सॅमी म्हणजे वॉल्ड असं एकदा ठरलं की बाकी सगळ्यांना निश्वास टाकता येतो. शिवाय वॉल्डने ‘मिल्ड्रेड पिअर्स’सारखे चांगले चित्रपट उभे केले, सॅमीच्या हातून तसं काही होताना दिसत नाही.

पडद्यावर ही कादंबरी आली ती फक्त छोट्या. १९४९मध्ये दूरदर्शन नाट्य म्हणून, होझे फेररला घेऊन. १९५९मध्ये एनबीसीवर दोन भागांत, लॅरी ब्लायडन सॅमीच्या भूमिकेत. २७ फेब्रुवारी १९६४ला ब्रॉडवेवर तिचं संगीतनाटक झालं. गायक स्टीव्ह लॉरेन्स सॅमी, गाणी अर्विन ड्रेकची, प्रयोग ५४०. गोड गळ्याचा सॅमी ही कल्पनाच मुळात घोटाळ्याची. प्रेक्षक गाण्याला टाळ्या देतात तेव्हा त्या गाणाऱ्या लबाडालाही मिळतात. मोठ्या पडद्यावर मात्र चित्रपट कधीच झाला नाही. या शतकाच्या सुरुवातीला ड्रीमवर्क्सने बेन स्टिलरसाठी हक्क घेतल्याच्या आणि त्यासाठी २६ लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या, मग सगळं थंडावलं. २००९मध्ये शुलबर्ग गेला तोवर काही हललं नव्हतं. हक्क विकत घेऊन कपाटात ठेवणं हाही त्या धंद्यातला एक जुना समीक्षाप्रकार म्हणायला हरकत नाही.

आता चौथे वाचक. ऐंशीच्या दशकात शुलबर्ग कॉलेजांतून बोलायला जाई तेव्हा तरुण मुलं येऊन सांगत की सॅमी आम्हाला फार आवडतो, पुस्तकातून आत्मविश्वास मिळाला, पुढे कसं जायचं ते कळलं. शुलबर्ग हादरला. पन्नास वर्षांनी निघालेल्या नव्या आवृत्तीत त्याने हे खंतावून लिहिलं आहे: जे इशारा म्हणून लिहिलं ते मार्गदर्शक म्हणून वाचलं जातंय.

यात वाचकांचा दोष किती? रेगनच्या काळाला, पैशाच्या पूजेला बोल लावणं सोपं आहे आणि बऱ्याच जणांनी तेच केलं. पण पुस्तकाची रचनाच पाहा. प्रत्येक चढाईचं साधन, वेळ, समोरच्याची कमजोरी, सगळं चोख दिलेलं आहे. आणि पराभूतांच्या बाजूला एकही चाल चालताना दिसत नाही, गिल्डचं प्रकरण सोडलं तर. सॅमी खोलीत आला की वाक्यांचा वेग वाढतो, तो गेला की पडतो. लेखक ज्याचा तिरस्कार करतो त्याच्याच सोबतीत तो सर्वांत सुंदर लिहितो. हे लपत नाही. शिवाय शेवटची शिक्षा आतल्या आत होणारी. ती मानायची तर अ‍ॅलच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि बावीस वर्षांचा महत्त्वाकांक्षी वाचक अ‍ॅलच्या शब्दावर का विश्वास ठेवेल? त्याला बंगला दिसतो.

त्यामुळे पुस्तक वाचायचं असेल तर दोन सूचना. ‘लिबर्टी’तल्या मूळ लघुकथा जोडलेली नवी आवृत्ती मिळाली तर ती घ्या, लघुकथेचा सॅमी आणि कादंबरीचा सॅमी शेजारी ठेवता येतात, आणि कादंबरी कशी फुगली, कुठे खोल झाली, ते दिसतं. आणि दुसऱ्या वाचनात सॅमीकडे दुर्लक्ष करून अ‍ॅलवर नजर ठेवा. ज्युलियनची चोरी त्याला कळते, पण तो चव्हाट्यावर आणत नाही. सॅमीच्या पार्ट्यांना जातो, त्याची दारू पितो. त्याच्याबद्दल भेटेल त्याला विचारत सुटतो, इतकं की ऐकणारे कंटाळतात. शिसारी येते म्हणतो आणि पुढचं आमंत्रण टाळत नाही. लग्नाच्या रात्री तोंडघशी पडलेला सॅमी फोन करतो तोही अ‍ॅललाच. आणि अ‍ॅल कपडे चढवून निघतो.